दहा हजार रोपांची यादी

पुणे,
१७ नोव्हेंबर

चि. निनाद,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, कंपनीतर्फे एका टेकडीवर लावायला दहा हजार रोपं मागवायचीयत, कुठली मागवू?" आणि मी "सांगते नंतर" म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, आई कामात आहे. कामात कसली, कुकर लावून ओट्याशी उभी होते, आणि पाच शिट्ट्या झाल्या तरी गॅस बंद करायचं सुचलं नाही. त्यात तू जाता जाता दुसरी पुडी सोडलीस, की नोकरी सोडून पूर्णवेळ याच कामात यायचं मनात आहे. कुठल्याही आईला वाटेल, पोरगं आपल्या वाटेनं चाललंय, आनंद आहे. मला आधी काळजी वाटली, मग थोडा राग आला, आणि रात्री उशिरा कधीतरी आनंदही झाला. या क्रमानंच लिहिते.

तुमच्या टेकडीचा फोटो मी लॅपटॉपवर मोठा करून पाहिला, चष्मा लावून. खाली तुमच्या ऑफिसातल्या कुणीतरी लिहिलंय, "ओसाड टेकडी ते हिरवं जंगल". फोटोच्या खालच्या कोपऱ्यात कुसळी आहे, पिकून तांबूस झालेली. वर चढावर डोंगरी गवत. घळीत जरा हिरवट दिसतंय तो बहुतेक मारवेल. डावीकडे छत्रीसारखा पसरलेला एकटा हिवर, त्याच्या पलीकडे दोन-तीन बोरी आणि एक गच्च काटेरी झुडूप. ती हेंकळ असेल किंवा तरटी, फोटोवरून शपथ घेणार नाही. एवढ्या सगळ्या गर्दीला ओसाड म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

हा माळ आहे बाबा. कुणीतरी जंगल तोडलं आणि मग उरली ती जागा, असं त्याचं नाही. सह्याद्री पाऊस अडवतो हे तुला शाळेत मीच शिकवलंय. ताम्हिणीला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि तिथून तीन-चार तासांच्या अंतरावर, सुप्याच्या माळावर, पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. खाली मुरूम, वर वीतभर माती. अशा जागी राज्य गवताचं असतं आणि झाडं पाहुण्यासारखी, लांब लांब बसलेली. ज्याला अंग चोरून राहता येतं तेच झाड इथं टिकतं: हिवर, बोर, खैर, पाचुंदा. तिथे तू वड-पिंपळ-कडुनिंबाची दहा हजार रोपं नेशील, पहिली दोन वर्षं टँकरनं पाणी घालशील, तिसऱ्या वर्षी टँकरचे पैसे संपतील. पुढचं सांगायला नको.

तुला कार्बन हा शब्द आवडतो, म्हणून त्या भाषेतही सांगते. झाडाचा बराचसा कार्बन खोडात-फांद्यांत उभा असतो. वणवा आला की धूर. गवताचा मोठा हिस्सा जमिनीखाली असतो, मुळांत आणि मातीत. वरून आग गेली तरी तो जागच्या जागी. आणि खड्डे खणताना आपण नेमकी तीच माती उलथून वर काढतो.

शिवाय तिथे राहणारे आहेत. धाविक, चंडोल, माळटिटवी यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात. लांबवर दिसणं हेच त्यांचं कुंपण. चिंकारा, लांडगा, खोकड यांचंही तेच. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य तू लहानपणी पाहिलंयस, चिंकारांसाठी राखलेलं. त्याचं क्षेत्रफळ जेमतेम पाच चौरस किलोमीटर. मग बाकीचे चिंकारा कुठे राहतात? तुमच्यासारख्यांच्या ओसाड टेकड्यांवर. देशाच्या जमिनीपैकी साधारण दहा टक्के अशी मोकळी नैसर्गिक राने आहेत आणि त्यातली पाच टक्क्यांहून कमी संरक्षित क्षेत्रात येतात. उरलेली सरकारी नकाशावर 'पडीक'. हा शिक्का इंग्रजांनी मारला, कारण त्या जमिनीतून महसूल येत नव्हता आणि लाकूडही मिळत नव्हतं. इंग्रज गेले, शिक्का सातबारावर राहिला.

आता तू म्हणशील, पूर्वी इथे जंगल नव्हतंच हे कशावरून? चांगला प्रश्न आहे. मी स्वतः कितीतरी वर्षं उलटंच समजत होते. २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या अभ्यासकांनी प्रयोगशाळेऐवजी जुनं मराठी वाङ्मय चाळलं. तेराव्या शतकापासूनची संतचरित्रं, काव्यं, लोकगीतं, आणि त्यांत कुठे कुठे कोणत्या रानटी झाडांची नावं येतात त्याची नोंद केली. जवळपास दोन तृतीयांश झाडं माळाची निघाली. वाचून मी कपाळावर हात मारला. पंढरपुरात संत कान्होपात्रेच्या समाधीवर उगवलं म्हणतात ते झाड कोणतं, हे आजीनं मला सातव्या वर्षी दाखवलं होतं. तरटी! देवळाच्या आवारात उगवलेली ती तरटी म्हणजे अस्सल माळावरचं काटेरी झाड. ती कथा रचणाऱ्यांच्या आसपास काय उगवत होतं ते तिथे चारशे-पाचशे वर्षं लिहून ठेवलं होतं, आणि मी पीएच.डी. करून ते पाहिलं नव्हतं.

पाहिलं नव्हतं, एवढंच असतं तरी चाललं असतं. त्याच्या पुढचं तुला कधी सांगितलेलं नाही.

१९९६ सालची गोष्ट. तू दीड वर्षाचा होतास, आजीकडे ठेवून मी सोलापूरच्या बाजूला एका पाणलोट प्रकल्पावर जायचे. एम.एस्सी., पीएच.डी. वनस्पतिशास्त्र, त्यामुळे संस्थेत माझा शब्द चालायचा. साठ हेक्टरचा माळ होता. आम्ही त्यावर सलग समतल चर खोदले आणि चरांच्या काठानं ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावली. का ती? लवकर वाढतात, रोपवाटिकेत भरपूर मिळतात, आणि ग्लिरिसिडियाला जनावर सहसा तोंड लावत नाही, म्हणजे राखण करायला नको. जगलेल्या रोपांची टक्केवारी छान येते. आपल्याकडे त्या झाडाला उंदीरमारी म्हणतात. नावातच काय ते कळायला हवं होतं.

काम चालू असताना एक धनगर आजी यायची. डोक्यावर घोंगडं, हातात काठी, मागे मेंढरं. पहिल्या दिवशी नुसती बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "बाई, हितं पवन्या हुतो. गुडघ्याएवढा. ह्यो चर कशाला मारताय त्येच्यातनं?" पवन्या म्हणजे माळावरचं एक गवत. मी तिला जमिनीची धूप समजावून सांगितली. चांगला अर्धा तास. पाणी कसं अडतं, मुळं माती कशी धरतात, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मुळं तर गवताला बी हायती की." आणि मेंढरं घेऊन गेली. त्या मुळांपुढे तुझ्या आईकडे उत्तर नव्हतं. पण तेव्हा मला ते कळलंसुद्धा नाही. मला वाटलं, अडाणी आहे, हळूहळू पटेल.

अहवालात रोपं जगल्याचा आकडा ऐंशी टक्क्यांच्या वर गेला. मला बढती मिळाली. आपल्या घरातला पहिला फ्रीज त्या पगारातून आलाय.

सात वर्षांनी परत गेले. झाडी दाट झाली होती, फोटोत छान हिरवी आली असती. आत शिरले. खाली काही नव्हतं. गवताची काडी नाही, नुसता वाळका पाला आणि मुंग्यांची वारुळं. पहाटे चंडोलाचं गाणं ऐकायला म्हणून थांबले. पूर्वी त्या माळावर चंडोल गात गात वर चढायचा, ठिपका व्हायचा, तरी आवाज खाली ऐकू यायचा. एकही नाही. बुलबुल होते, ते काय, आपल्या गॅलरीतही असतात. गावात चौकशी केली तर मेंढरं घेऊन लोक आता लांब, दुसऱ्या तालुक्यात जातात म्हणाले. आजी वारली होती.

त्यातला चार हेक्टरांचा तुकडा आम्ही नंतर मोकळा करायला घेतला. उंदीरमारी तोडली की खुंटावरून पुन्हा फुटते, तीनदा तोडली. शेजारच्या बांधावरून कार्तिकात गवताचं बी गोळा केलं, पावसाच्या तोंडाला पेरलं. कुसळी लगेच आली, ती कुठेही येते. डोंगरी गवत पाचव्या वर्षी दिसलं. पवन्या अजून आलेला नाही. वीस वर्षं झाली. झाडं लावायला आम्हाला एक पावसाळा लागला होता.

याच जिल्ह्यात १९७९ साली नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं, हे तुला माहीत आहे. आज तिथे माळढोक दिसेनासा झालाय. त्याचं कारण काही माझे साठ हेक्टर नाहीत. शेती, विजेच्या तारा, शिकार, पुष्कळ गोष्टी आहेत. पण त्या पुष्कळ गोष्टींत माझ्यासारख्या चांगल्या हेतूच्या माणसांनी लावलेली झाडंही आहेत.

म्हणून तुझ्या दहा हजार रोपांच्या प्रश्नावर मी फोन ठेवला.

आता याच्या उलट टोकाची जागा सांगते, नाहीतर तुला वाटेल आईला झाडांचंच वावडं आहे. महाडच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी, एका कुटुंबाची चौदा एकर मालकीची राई होती. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी उभं लाकूड ठेकेदाराला दिलं. आम्ही पोचलो तेव्हा ऐन, किंजळ, नाणा, सगळ्यांचे नुसते खुंट. खालच्या बाजूला कोळशाच्या भट्टीची काळी गोल जागा. वर रानमोडीचं तण शिरायला लागलेलं. माझ्या बरोबरची तरुण मंडळी खड्ड्यांचा हिशेब करायला बसली. आमच्याबरोबर त्या वाडीतला एक कातकरी म्हातारा होता. तो एका ऐनाच्या खुंटाशी उकिडवा बसला, अंगठ्याच्या नखानं बुडाची साल जराशी खरवडली आणि मला बोलावलं. आत ओलसर हिरवं होतं. म्हणाला, "मेला नाय ह्यो. निजलाय."

मी वही मिटली. त्या दिवशी आम्ही खड्ड्यांचा हिशेब सोडून निजलेले खुंट मोजले. एका एकरात शंभराच्या वर निघाले. जमिनीखाली पन्नास-साठ वर्षांची मुळं तयार आणि आम्ही त्यांच्या उरावर पिशवीतली वर्षभराची रोपं आणून बसवणार होतो.

पुढच्या कामात लावण्यापेक्षा राखणं जास्त होतं. मार्गशीर्ष-पौषात जाळरेषा काढायची, म्हणजे कडेचा पट्टा आधीच मोकळा करून ठेवायचा, वणवा आत येऊ द्यायचा नाही. पहिली चार वर्षं गुरं बाहेर, त्याबदल्यात वाडीला गवत कापून न्यायला मोकळीक. एकेका खुंटावर दहा-बारा फुटवे येतात. त्यातले जोमदार दोन-तीन ठेवून बाकीचे काढायचे, म्हणजे झुडूप न होता झाड होतं. रानमोडी फुलायच्या आत उपटायची. भातशेतीच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, फांद्या लागतातच, त्या कुठल्या झाडांच्या तोडायच्या आणि कुठल्यांना हात लावायचा नाही, हे वाडीच्या बैठकीत ठरलं. त्या बैठकीला तीन रात्री लागल्या. चौथ्या-पाचव्या वर्षी सावली धरली. मग बुलबुल आणि रात्री कांडेचोर यांनी जांभूळ, अंजनी, उंबर आणून टाकायला सुरुवात केली. फुकट, आणि आपल्यापेक्षा अचूक जागी. जे तिथे उरलंच नव्हतं आणि आपोआप येण्यासारखं नव्हतं, तेवढं शेजारच्या देवराईतून बी आणून लावलं: सीता-अशोक, बेहडा, आणि ती हातभर लांब शेंगेची गारंबी. सगळी मिळून तीनशे रोपं. चौदा एकरांत तीनशे! निधी देणाऱ्याला हा आकडा सांगताना आमचे साहेब अक्षरशः घामाघूम झाले होते.

बियांचंही थोडं शिकून ठेव, कारण यादी करणारा माणूस बी विसरतो. जांभळाचं बी वाळलं की मेलं. फळ खाल्लंस की त्याच आठवड्यात मातीत गेलं पाहिजे. हिरड्याचं कवच इतकं टणक की ते उगवायला महिनोन् महिने वाट पाहायला लावतं. पिशवीत रोप जास्त दिवस राहिलं तर मूळ तळाशी जाऊन गोल गोल फिरतं, आणि लावल्यावरही ते तसंच फिरत राहतं. वरून पाच वर्षं झाड दिसतं आणि सहाव्या वर्षी वाऱ्यानं आडवं होतं. रोपवाटिकेत गेलीस... बघ, सवयीनं माझ्या विद्यार्थिनींना लिहिल्यासारखं लिहिलं. गेलास, तर एक पिशवी फाडून मूळ बघ. मालक ओरडेल. ओरडू दे, पन्नास रुपये देऊन टाक.

आणि मियावाकी विचारू नकोस. एका चौरस मीटरला तीन रोपं कोंबून शहरातल्या सोसायटीच्या कोपऱ्यात दाट झाडी करायची असेल तर खुशाल करा, चिमण्यांना बरी. माळावर नको. एवढंच.

आता नोकरीचं. तुझ्या डोक्यात जे चित्र आहे, की सकाळी डोंगर, संध्याकाळी सूर्यास्त आणि मधे झाडं, त्यातला सूर्यास्ताचा भाग खरा आहे. बाकी काय आहे ते ऐक. दहा बाय दहा मीटरच्या चौकटीत बसून प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर मोजायचा, मग पुढची चौकट, मग पुढची. उन्हात, गोचिड्या अंगावर घेऊन. पुढच्या वर्षी तीच झाडं पुन्हा. दहा वर्षं असं केलं की एक वाक्य लिहिता येतं. प्रकल्प तीन वर्षांचे असतात आणि रान तीस वर्षांचं. मधली सत्तावीस वर्षं तुझी तू निभवायची. मार्चअखेर नावाचा एक रोग आहे, त्यात पैसे खर्च करायचे म्हणून खड्डे खणले जातात. सरकारी मोहिमांचे आकडे तुला आठवतच असतील: २०१६ ला दोन कोटी, मग चार, मग तेरा, आणि २०१९ ला तेहतीस कोटी रोपं. त्यात चांगलं काम करणारे वनरक्षकही मी पाहिलेत, स्वतःच्या पाठीवरून रोपांना पाणी नेणारे. पण कोटीत मोजायचं ठरलं की कुठली जागा, कुठलं झाड, हे प्रश्न मागेच पडतात.

माझ्या वेळी आणखी एक भर होती. विश्रामगृहावर पोचलं की चौकीदार गाडीच्या मागे बघायचा, "साहेब कुठायत?" मीच साहेब, हे पटवण्यात पहिली दहा वर्षं गेली. आताच्या मुलींना हे थोडं कमी ऐकावं लागतं, आणि तुला तर लागणारच नाही, तेवढी सूट तुला जन्मतः आहे. ती वाया घालवू नकोस.

पैशाचं बाबांना विचार. त्यांचा पगार नसता तर मी चौथ्या वर्षी कॉलेजात शिकवायला लागले असते. हे मी कृतज्ञतेनं लिहितेय आणि थोडं भांडूनही, कारण हे काम करायला घरात दुसरा पगार लागावा, ही काही चांगली गोष्ट नाही. वाडीतली जी माणसं जाळरेषा काढतात त्यांच्या घरात दुसरा पगार नसतो.

त्यावरून आठवलं. तू येणारच असशील तर आधी पूर्वेला जाऊन ये, गडचिरोली-चंद्रपूरकडे. मेंढा-लेखा तुला नावानं माहीत आहे, २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणारं गाव. मी सांगतेय ते त्यानंतरचं एक, चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव. त्यांना २०१२ मध्ये हक्क मिळाला. तेंदूपत्ता म्हणजे तिकडचं रोख पीक, हातात पैसा देणारं. कोवळी पानं यावीत म्हणून तेंदूच्या रानात आग लावतात, फांद्या छाटतात. गावानं बसून ठरवलं की तेंदूपत्ता तोडायचा नाही, बांबूवर भागवायचं. त्यांनी पैसा सोडला आणि बाहेरच्या कुणी त्यांना तो सोडायला लावला नव्हता. आग थांबली की रानाचं अर्धं काम आपोआप होतं, हे आपण परिषदेत स्लाइडवर दाखवतो. त्यांनी ते ग्रामसभेत ठरवून टाकलं. महाडच्या आमच्या चौदा एकरांचं पुढे काय होईल मला ठाऊक नाही, कारण ती जमीन मालकाची आहे आणि त्याला आता नातू झालेत. पाचगावच्या रानाबद्दल मला तेवढी धाकधूक वाटत नाही.

तू ड्रोननं झाडं मोजायचं ॲप करणार म्हणालास. कर. पण काय मोजतोयस ते बघ. आपल्या वनस्थिती अहवालात एक हेक्टरहून मोठी, दहा टक्क्यांहून अधिक झाडोरा असलेली कुठलीही जागा वनाच्छादनात धरतात. मग ती आंब्याची बाग असो, काजूची असो, की रबराची. म्हणजे कोकणातल्या एका उतारावरची किंजळ-ऐनाची राई तोडली, तिथे काजू लावला, तो मोठा झाला, की नकाशा पुन्हा हिरवा. आकड्याला काही झालंच नाही. आणि माळावर सुबाभूळ लावली की आकडा वाढतो. उपग्रहाला झाड दिसतं, त्याला पवन्या आणि कुसळी वेगळी ओळखता येत नाही. तुझ्यासारख्या मुलांनी ते ओळखायचं यंत्र काढलं, किंवा वणवा कुठे लागला ते वाडीतल्या पोराच्या फोनवर दहा मिनिटांत कळेल असं काही केलं, तर मी पेन्शनमधून पैसे द्यायला तयार आहे. त्यासाठी नोकरी सोडायचीही गरज नाही. निदान एक पावसाळा तरी नको.

कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. महाडच्या वरच्या कड्याखालचा एक पट्टा मी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून पाहत आलेय. तो आतापर्यंत चारदा फुलला. पहिल्या वेळी तू नव्हतास. दुसऱ्या वेळी शाळेत होतास आणि तुला ताप होता, तरी मी गेले. आजी महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या वेळी तू बरोबर आलास आणि मधमाशांना घाबरून जीपमध्ये काच वर करून बसलास. चौथ्या वेळी मला गुडघ्यांमुळे वर चढता आलं नाही, खालून दुर्बिणीतून पाहिली. माझं करिअर मोजायचं तर असं आहे. चार कारव्या, एक चुकलेला माळ, चौदा एकर राई, आणि दोन-तीन विद्यार्थी, जे आता मला चुका दाखवतात.

तुमच्या टेकडीचं म्हणशील तर मी ऑफिसात येऊन बोलायला तयार आहे. पैसे परत करा असं मी म्हणणार नाही, कंपनीचे पैसे मार्चमध्ये कुठेतरी जाणारच. त्यातून टेकडीच्या खालच्या दोन वस्त्यांतल्या चार माणसांना वर्षभर राखणीचा पगार द्या. पश्चिमेच्या घळीत उंदीरमारीची रांग फोटोत दिसतेय, ती काढायला लावा. गवत कधी कापायचं आणि मेंढरं कधी सोडायची, ते तिथल्या धनगरांना विचारून ठरवा. मी विचारलं नव्हतं. ५ जूनला, पर्यावरण दिनी, सगळ्यांना टोप्या घालून फोटो काढायचाच असेल तर गवतात उभं राहून काढा, तेव्हा ते वाळलेलं असेल, फोटो काही खास येणार नाही. श्रावणात या. तेव्हा त्या ओसाड टेकडीवर काय काय फुलतं ते पाहून तुमच्या त्या मथळा लिहिणाऱ्याची बोलती बंद होईल.

ते सगळं पुढचं. आधी येत्या शनिवारी आपण दोघं जाऊ. पहाटे पाचला निघू, सासवडला मिसळ, सातच्या आत माळावर. आत्ता कुसळी पिकलीय. तू चार वर्षांचा असताना मी घरी आले की दारातच माझे मोजे ओढून घेऊन बसायचास आणि एकेक कुसळ उपटून काढायचास. एकदा त्यातलं एक पाण्याच्या वाटीत टाकलंस आणि ते आपोआप गोल फिरायला लागलं. ओरडत स्वयंपाकघरात आलास, "आई, हे जिवंत आहे!" ते शेपूट ओलं झालं की उलगडतं, वाळलं की पीळ घेतं, आणि असं फिरत फिरत बी स्वतःला जमिनीत खुपसून घेतं. कुणी खड्डा खणावा लागत नाही.

यादी हवीच होती ना तुला, तर घे: पाण्याच्या दोन बाटल्या, टोपी, भिंग (माझ्या कपाटात वरच्या खणात आहे, मी आणते), एक वही, आणि जुने मोजे. नवे घालून आलास तर फेकून द्यावे लागतील.

बाबा म्हणतायत, त्यांनाही यायचंय, पण मिसळीपुरतंच.

तुझी,
आई